बेळगावच्या घराला भूऔष्णिक यंत्रणा: आधी अंघोळीच्या पाण्याचा हिशेब

तुमचा प्रश्न असा आहे: बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या बाजूला बारा गुंठ्यांत घर बांधायचं आहे. तळमजला आणि वर एक मजला, घरात सहा माणसं. मुलगा कॅनडात असतो, त्याच्या घरात जमिनीत नळ्या सोडून हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारी यंत्रणा आहे. तशीच इथं बसवता येईल का, बोअर किती मारावे लागतील, परसातली जुनी विहीर चालेल का आणि घातलेला पैसा वसूल होईल का.

बसवता येते. आपल्याकडे बोअर मारणारे आहेत, पाइप मिळतो, यंत्रही मागवता येतं. पण कॅनडाचा नकाशा उचलून बेळगावच्या मातीत ठेवला तर निम्मा पैसा जमिनीत जाईल आणि तिथंच राहील. तो कसा, हे आधी सांगतो. पाइपांची चर्चा त्यानंतरच कामाची.

एक गैरसमज पहिल्यांदा दूर करू. ‘भूऔष्णिक’ म्हटलं की लोकांना राजापूरजवळच्या उन्हाळ्याचे किंवा दापोलीकडच्या उन्हवऱ्याचे गरम झरे आठवतात. या यंत्रणेचा त्याच्याशी संबंध नाही. पाच-सहा मीटरच्या खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं आणि ते त्या गावाच्या वार्षिक सरासरी तापमानापेक्षा एखाद-दोन अंश जास्त असतं. यंत्रातला कॉम्प्रेसर उन्हाळ्यात घरातली उष्णता त्या जमिनीत ढकलतो, हिवाळ्यात तिथून उपसून घरात आणतो. जमिनीतून उष्णता घेणाऱ्या अशा पंपाचं पेटंट १९१२ साली स्वित्झर्लंडमध्ये घेतलं गेलं, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

मुलाच्या गावी जमीन आठ-दहा अंशांवर असते. बाहेर उणे वीस असताना ती त्याच्यासाठी उबेचं भांडार आहे आणि जुलैत थंडाव्याचं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद भरून ठेवावी आणि लागेल तशी काढावी, तसा त्यांचा व्यवहार चालतो: उन्हाळ्यात भरायचं, हिवाळ्यात काढायचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. वर्षाची सरासरी २४ अंशांच्या आसपास येते, म्हणून इथली खोल जमीन २५ ते २७ अंशांवर असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा तेरा-चौदापर्यंत उतरतो, पण त्यासाठी घर तापवायची यंत्रणा कोणी लावत नाही. गोधडी पुरते. म्हणजे आपण पेव फक्त भरत राहणार, काढणार काहीच नाही.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बेळगावात दुपारी ३६-३७ अंश होतात. त्या वेळी २६ अंशांची जमीन हवेपेक्षा दहा अंशांनी गार असते, हे खरं. पण घरात एसी कधी चालतो? बहुतेक घरांत रात्री दहा ते पहाटे पाच-सहा. आणि बेळगावची रात्र कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. वळीव पडून गेला की बाहेरची हवा २१-२२ वर येते. म्हणजे बेडरूमचा एसी चालू असताना बाहेरची हवा जमिनीपेक्षा गार, नाहीतर तिच्या बरोबरीची. त्यातच यंत्र चालू झालं की नळ्यांभोवतीचा खडक तापतो आणि नळ्यांतलं पाणी ३२-३५ अंशांवर जातं. चांगला इन्व्हर्टर एसी त्या वेळी बाहेरच्या २२ अंशांच्या हवेत उष्णता टाकत असतो. हा मुद्दा यंत्र विकणारे सांगत नाहीत, आणि तुमच्या घराचा निर्णय त्याच्यावर फिरतो.

आकडे मांडतो. समजा दोन टनाची यंत्रणा, म्हणजे सात किलोवॉट थंडावा. मार्च ते मे नव्वद दिवस, रोज सहा तास पूर्ण भार. एकूण सुमारे ३,८०० युनिट उष्णता घराबाहेर काढायची. चांगले इन्व्हर्टर एसी त्यासाठी हजार युनिट वीज घेतील. जमिनीशी जोडलेली यंत्रणा, पाणी फिरवणारा पंप धरून, साधारण साडेआठशे. वाचले दीडशे युनिट. युनिटला सात रुपये धरले तर वर्षाला हजार-अकराशे रुपये. एवढ्यासाठी साडेसहाशे फूट खडक फोडायचा?

पण घराला खरोखर बाराही महिने उष्णता लागते ती न्हाणीघरात. सहा माणसं, माणशी चाळीस लिटर, २४ अंशांचं पाणी ४५ वर न्यायचं: दिवसाला जवळपास सहा युनिट उष्णता. गिझरवर वर्षाला २,१०० युनिटच्या वर वीज. तेच काम हीट पंप (जमिनीतली किंवा हवेतली उष्णता उपसून पाण्यात आणणारं यंत्र) चौथ्या हिश्श्याच्या विजेत करतो, म्हणजे पाचशे-साडेपाचशे युनिट. वाचले सोळाशे युनिट, अकरा हजार रुपये. थंडाव्याच्या दसपट बचत अंघोळीच्या पाण्यात आहे. आपल्या भागात यंत्रणेचा विचार न्हाणीघरापासून सुरू करायचा, तो यासाठी. तुमच्या बाजूला हे जास्तच लागू आहे. मिरगापासून गणपतीपर्यंत पश्चिमेच्या पट्ट्यात सूर्य दिसत नाही आणि छपरावरचा सोलर बंब नेमका गरज असते तेव्हा कोमट पाणी देतो.

आणि उन्हाळ्यात तर हे पाणी फुकट मिळतं. एसी चालू असताना घरातून काढलेली उष्णता जमिनीत ढकलण्याआधी पाण्याच्या टाकीतून फिरवून आणायची. यंत्र मागवताना ही सोय असलेलं मागवा, नंतर जोडता येत नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तेच यंत्र जमिनीतून उष्णता उपसून पाणी तापवेल. म्हणजे पेवातून थोडंतरी बाहेर निघेल.

जमीन वर्षागणिक तापत जाईल का, अशी शंका येणारच. एका घरापुरतं भिण्याचं कारण नाही. वरचाच हिशेब धरला तर वर्षाला तीन हजार युनिटच्या आसपास उष्णता जास्तीची जमिनीत जाते. दोन बोअरभोवतीचा तीन मीटर त्रिज्येचा खडक तेवढ्यानं कागदावर एक अंश तापतो. प्रत्यक्षात बाजूचा खडक आणि पावसाळ्यात खाली उतरणारं पाणी त्यातला बराच भाग नेतात. हॉटेल किंवा इस्पितळासाठी वीस बोअर शेजारी शेजारी मारले तर मात्र मधल्या बोअरची उष्णता कुठंच जाऊ शकत नाही. तिथं हा हिशेब न करता काम सुरू करणं म्हणजे काही वर्षांनी यंत्रणा बंद पडायची तयारी ठेवणं.

विहिरीचं विचारलंत. कागदावर विहीर फार मोहात पाडते, खोदाई वाचते ना! बारा फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असेल तर ते ४८ हजार लिटर होतं. दोन टनाची यंत्रणा आठ तास चालली की सत्तर युनिट उष्णता त्यात जाते आणि पाणी सव्वा अंशानं तापतं. रात्रीत झऱ्यांनी आणि खडकानं ते पुन्हा खाली येतं. छान चालतं. पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्याच विहिरीत चार फूट पाणी उरलं तर तेवढ्याच कामाला ते दिवसाला पावणेपाच अंशांनी तापतं, तीन-चार दिवसांत यंत्र धापा टाकायला लागतं. ज्या महिन्यात थंडावा सगळ्यात जास्त लागतो, त्याच महिन्यात विहीर सगळ्यात अशक्त असते. त्यामुळे श्रावणातली तुडुंब विहीर बघून निर्णय घ्यायचा नाही.

मेमध्येही आठ-दहा फूट पाणी टिकत असेल तर विहीर वापरा, पण पाणी उपसून नव्हे. उपसून यंत्रातून फिरवून सोडायचं म्हटलं तर मिनिटाला पंधरा लिटरप्रमाणे आठ तासांत सात हजार लिटर होतात. गावात टँकर फिरत असताना एवढं पाणी गटारात सोडणं मला पटत नाही, आणि विहिरीतला गाळ-क्षार यंत्रात बसतो तो वेगळाच. त्याऐवजी पाइपाची वेटोळी दगडी पट्ट्यांना बांधून विहिरीत बुडवायची आणि आतून वेगळं स्वच्छ पाणी फिरवत ठेवायचं. विहिरीचं पाणी विहिरीतच राहतं, पिण्याला-धुण्याला चालतं. वेटोळी तळापासून हातभर वर ठेवा, गाळात रुतली की निकामी. गाळ काढणाऱ्यांना ती तिथं आहे हे सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच उपशात पाइप कापला जातो.

विहीर जमत नसेल तर बोअर. इथं जमीन कुठली आहे यावर सगळं आहे. बेळगाव शहर, उत्तरेला चिकोडी, निपाणी, अथणी हा दख्खनचा काळा कातळ. तुमच्या बाजूला आणि खानापूर-जांबोटीकडे वर जांभा, त्याखाली मऊ मुरूम आणि मग कातळ. गोकाक-सौंदत्तीच्या बाजूला वालुकाश्म आणि गारगोटीसारखा क्वार्ट्झाइट, गोकाकचा धबधबा ज्याच्यावरून पडतो तो. उष्णता वाहून नेण्यात क्वार्ट्झाइट सगळ्यांत सरस, कातळाच्या दुपटीहून अधिक, पण बिट खातो आणि खोदाईचा दर वाढवतो. काळा कातळ मध्यम. जांभा पावसाळ्यात पाण्यानं भरलेला असताना ठीक, मेमध्ये कोरडा झाला की त्याच्या छिद्रांत हवा भरते आणि तो उष्णता अडवूनच धरतो. म्हणून तुमच्याकडे वरचे चाळीस-साठ फूट हिशेबात धरूच नका. ती खोली केसिंगची. मोजायला सुरुवात कातळ लागल्यापासून.

थंड देशांत टनाला १५० ते २०० फूट पुरतात. आपली जमीन मुळात २६ अंशांवर असल्यानं कातळात टनाला ३०० ते ३५० फूट धरावे लागतात. दोन टनासाठी सव्वातीनशे फुटांची दोन बोअर, एकमेकांपासून किमान वीस फुटांवर. एकच साडेसहाशे फुटांचं मारू का, असं बोअरवाला विचारेल. नको. खोलीबरोबर दर वाढतो आणि एवढा लांब पाइप सरळ खाली उतरत नाही. पिण्याच्या पाण्याची बोअर या कामाला वापरू नका आणि या बोअरला पाणी लागलं म्हणून हरखून तिच्यात मोटर सोडू नका. पाणी लागणं चांगलंच, कारण ओला खडक उष्णता चांगली नेतो, पण ही बोअर भरून बंद करायची असते.

आडवी चरी खणून पाइप टाकायची पद्धतही आहे, पाच-सहा फूट खोल. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या जमिनीत मी ती करू देत नाही. काळी माती मेमध्ये भेगाळते, पाइपाभोवती पोकळी होते आणि पाइप हवेत लोंबकळतो. तुमच्या तांबड्या मातीत चालेल, पण बारा गुंठ्यांतली पाच-सहा गुंठे उकरावी लागतील आणि त्यावर पुन्हा मोठं झाड लावता येणार नाही.

पाइप आणि भरणीबद्दल नीट सांगतो, कारण इथं चूक झाली तर ती कधीच दुरुस्त होत नाही. पाइप पीई-१०० दर्जाचा, ३२ मिलिमीटर, जाड भिंतीचा, एसडीआर ११ (म्हणजे व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट). शेतात ठिबकला वापरतो तो काळा पाइप नव्हे. खाली वळणारा यू कारखान्यात वितळवून जोडलेला हवा आणि तळापासून वरपर्यंत पाइप अखंड. जमिनीत कुठंही आट्यांचा (चुडीचा) कपलर चालणार नाही, ‘घट्ट बसतो की’ असं प्लंबर म्हणाला तरी नाही. सोडण्याआधी पाइपात पाणी भरून दाब तपासा, वजन बांधून सोडा, सोडल्यावर पुन्हा दाब तपासा आणि रात्रभर काटा तसाच राहतो का बघा.

मग बोअर आणि पाइप यांमधली पोकळी भरायची. इथं लोक खोदाईचा चुराच परत ढकलतात. तो मध्येच अडकतो, खाली पोकळी राहते आणि पावसाळ्यात वरचं घाण पाणी सरळ खालच्या झऱ्यांत उतरतं. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी नासायला एवढं पुरतं. भरणी बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि बारीक गारेच्या वाळूची, तळापर्यंत नळी सोडून खालून वर पंपानं. नुसतं बेंटोनाइट उष्णता अडवतं, वाळू घातली की दुपटीनं चांगलं वाहतं.

बोअर मारल्यापासून भरेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं नाही, एक रात्रसुद्धा नाही. २०१७ साली अथणी तालुक्यात एक लहान मुलगी उघड्या बोअरमध्ये पडून दगावली. गाडी निघायच्या आधी तोंडावर झाकण वेल्ड झालंच पाहिजे, हे बोअरवाल्याशी बोलतानाच ठरवा. कर्नाटकात भूजलाचा २०११ चा कायदा लागू आहे. तालुका अधिसूचित असेल तर परवानगी लागते, म्हणून भूजल कार्यालयात आणि पंचायतीत आधी विचारून घ्या.

आत फिरवायला साधं स्वच्छ पाणी आणि गंजरोधक पुरे. कॅनडात गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालतात. मुलाच्या घरचं कागदपत्र बघून इथला ठेकेदारही ते लिहील. काढून टाका, त्यानं पाणी दाट होतं, पंपाची वीज वाढते आणि उष्णता कमी वाहते. फिरवणारा पंप कॉम्प्रेसरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त वीज खात असेल तर पंप चुकीचा निवडलाय.

घराच्या आत जास्त बोलण्यासारखं नाही. थंड पाण्याच्या नळ्यांना नायट्राइल रबरचं आवरण, फॅन युनिटच्या पाण्याला नीट उतार, आणि यंत्र गरजेपेक्षा मोठं घ्यायचं नाही. मोठं यंत्र खोली झटकन गार करून थांबतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. हेस्कॉमच्या विजेचा दाब तुमच्या बाजूला वर-खाली होतो, तेव्हा कॉम्प्रेसरला दाबरक्षक हवाच.

या सगळ्याआधी स्लॅबकडे बघा. दोन मजली घरात उष्णतेचा मोठा वाटा वरून आणि पश्चिमेच्या भिंतीतून येतो. गच्चीवर पांढरी चायना मोझेक, नाहीतर स्लॅबवर मंगलोरी कौलांचं छप्पर आणि मध्ये हवा खेळती. पश्चिमेची भिंत जांभ्या चिऱ्याची, तिथल्या खिडक्यांना दोन-अडीच फुटांचे छज्जे. गवंड्याला हे आज सांगायला खर्च थोडा येतो, घर उभं राहिल्यावर फार. तीन टनाची गरज दोनवर, कधी दीडवर येते, आणि बेळगावच्या हवेत वरच्या दोन खोल्या सोडल्या तर एसी लागतच नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर तुमच्या घरासाठी आज मी जमिनीत नळ्या घालणार नाही. गच्ची आणि भिंती वर सांगितल्याप्रमाणे करा. अंघोळीसाठी हवेतून उष्णता घेणारा हीट पंप लावा. बेळगावची हवा वर्षभर इतकी उबदार असते की तो जमिनीच्या पंपापेक्षा वर्षाला जेमतेम शंभरेक युनिट जास्त घेईल. वरच्या दोन खोल्यांना इन्व्हर्टर एसी. उरलेल्या पैशात छपरावर तीन किलोवॉट सोलर. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि तीन किलोवॉट वर्षाला चार हजारांच्या वर युनिट देतं. घराची सगळी वीज त्यात बसते.

नळ्यांचं काम कोणी करावं? ज्यांचा एसी भर दुपारी चालतो आणि ज्यांना गरम पाणीही भरपूर लागतं त्यांनी. इस्पितळ, वसतिगृह, अथणी-रायबागकडचं घर, जिथं दुपार चाळिशीला टेकते आणि रात्रीही हवा उतरत नाही. दुधाच्या डेअरीला तर जमीनही लागत नाही. दूध गार करताना निघालेल्या उष्णतेवरच कॅन धुण्याचं पाणी तापतं. तुमच्या घरी आई-वडील दिवसभर घरात असतील, त्यांना दुपारी थंडावा लागत असेल आणि विहीर मेमध्ये टिकत असेल, तर माझं मत बदलेल.

ते ठरवायला घाई नको, पण एक गोष्ट लांबवता येत नाही. कंपाउंड आणि पेव्हर झाल्यावर बोअरची गाडी आत येत नाही. म्हणून पाया खोदण्याआधी या मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस पहाटे, मोटर चालू करण्याआधी, विहिरीचं पाणी किती फूट आहे आणि तळाशी तापमान किती आहे ते दोरीला थर्मामीटर बांधून मोजा. आठ फुटांच्या वर पाणी आणि २७ च्या आत तापमान असेल तर विहिरीपासून यंत्राच्या खोलीपर्यंत चार फूट खोल चरीत दोन पाइप आत्ताच टाकून तोंडं बंद करून ठेवा. यंत्र पुढे कधीही घेता येईल. पाइप कुठून गेलेत त्याची मापं कंपाउंडच्या दोन कोपऱ्यांपासून घेऊन कागदावर काढा आणि तो कागद घराच्या उताऱ्याबरोबर ठेवा.